समुद्रघोडा : जठर नसलेला पाहुणा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये दिवाणखान्यातला फिश टँक आता नवलाचा राहिलेला नाही. कुत्रा पाळायचा तर शेजारी कुरकुरतात, मांजर आणायचे तर घरातलेच नाक मुरडतात. मासे मात्र कुणाच्या अध्यातमध्यात नसतात. सुरुवात गोल्डफिश, गप्पी, एंजल, फायटर यांच्यापासून होते. हौस वाढली की मोठी टाकी येते, मग खाऱ्या पाण्याच्या टाकीचा विचार सुरू होतो. अशात कुणाच्या तरी मोबाइलवर एखादा व्हिडिओ दिसतो : शेपटीने पाणवनस्पतीला विळखा घालून संथ डुलणारा समुद्रघोडा. घरातली मुले हट्टाला पेटतात आणि आईवडील चौकशीला लागतात.

डॉक्टरला हा प्रश्न विचारायचे तसे कारण नाही. पण सरकारी रुग्णालयात बरीच वर्षे काढली की लोक आपल्याला कशाबद्दलही विचारतात. ‘समुद्रघोडा घरी पाळता येतो का हो? मुलांना त्यापासून काही होत नाही ना?’ हा त्यातलाच एक प्रश्न.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका ओळीचे आहे. भारतात समुद्रघोडा घरी पाळणे हा वन्यजीव कायद्याखाली गंभीर गुन्हा आहे. वाघ ज्या अनुसूचीत आहे, त्याच अनुसूचीत हा बोटभर मासाही आहे. पण ‘कायद्याने मनाई आहे’ एवढ्याने हौस शमत नाही. उलट ‘कुठे गुपचूप मिळेल का’ असा विचार काहींच्या मनात येतो. म्हणून या प्राण्याचे शरीर कसे चालते ते आधी पाहू. ते कळले की घरच्या काचेच्या पेटीत तो का टिकत नाही, हे वेगळे सांगावे लागत नाही. दुसरा प्रश्न संसर्गाचा, त्याकडेही येऊ.

नाव घोड्याचे, जात माशाची

तोंड घोड्यासारखे, शेपटी माकडासारखी, पोटाला कांगारूसारखी पिशवी; तरी समुद्रघोडा हा पक्का मासा आहे. तो कल्ल्यांनी श्वास घेतो, त्याच्या पाठीवर पर असतो आणि पाण्यात तोल सांभाळण्यासाठी शरीरात हवेची पिशवीही असते. फक्त अंगावर खवले नाहीत. हाडांच्या कड्यांवर कातडी ताणून बसवल्यासारखे त्याचे शरीर असते. मराठीत त्याला अश्वमीन असेही म्हणतात.

त्याच्या कुळाचे शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस. हे नाव वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या ओळखीचे असते, कारण आपल्या मेंदूतही एक हिप्पोकॅम्पस आहे. १५८७ साली इटलीतल्या बोलोन्याचे शरीररचनाशास्त्रज्ञ जुलिओ चेझारे अरान्झी यांना मेंदूच्या आतल्या बाजूला वळलेला हा भाग समुद्रघोड्यासारखा दिसला, आणि तेच नाव त्याला चिकटले. नव्या आठवणी पक्क्या करण्याचे काम हा भाग करतो. अल्झायमरच्या आजारात सुरुवातीलाच झीज होणाऱ्या भागांपैकी तो एक. म्हणजे आजोबांना सकाळचा नाश्ता आठवेनासा होतो, तेव्हा त्यांच्या डोक्यातला समुद्रघोडा थकत चाललेला असतो.

जगात समुद्रघोड्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. काही नखाएवढ्या, दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडची मोठ्या पोटाची जात मात्र फूटभरापर्यंत वाढते. भारताच्या किनाऱ्यांवरही अनेक जाती आढळतात. त्यातला पिवळा समुद्रघोडा, शास्त्रीय नाव हिप्पोकॅम्पस कुडा, आपल्या कोकण-गोव्याच्या पट्ट्यातही सापडतो. समुद्री गवत, खारफुटीची मुळे, प्रवाळ, उथळ खाड्या ही त्यांची वस्तीची ठिकाणे. शेपटीने धरायला काहीतरी हवे, ही त्यांची पहिली गरज.

जठर नाही, दातही नाहीत

आता मुद्द्याचे बोलू. आपण दुपारी जेवलो की अन्न काही तास जठरात थांबते. तिथे ते घुसळले जाते, आम्लात भिजते आणि थोडे थोडे पुढे आतड्यात सरकते. जठर म्हणजे एका अर्थी शरीराचे कोठार. त्यामुळेच आपण दिवसात दोन-तीन वेळा जेवून भागवू शकतो, एखादा उपवासही निभावतो.

समुद्रघोड्याला हे कोठारच नाही. त्याला जठर नसते आणि दातही नसतात. नळीसारख्या तोंडातून आत आलेले भक्ष्य सरळ आतड्यात जाते आणि बरेचसे नीट न पचताच बाहेर पडते. त्यामुळे त्याला दिवसभर थोडे थोडे खात राहावे लागते. समुद्रात हे जमते, कारण आजूबाजूला बारीक कोळंबीसारखे जीव सतत वाहत येत असतात. तो फांदीला शेपटी गुंडाळून उभा राहतो, दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरवतो आणि भक्ष्य टप्प्यात आले की मान झटकन वर उचलून ते नळीने ओढून घेतो. ही झटक काही हजारांश सेकंदांत उरकते. आपली पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो.

एवढी चपळ मान असलेला हा प्राणी पोहण्यात मात्र अगदी कच्चा. पाठीवरचा छोटा पर सेकंदाला साधारण ३५ वेळा हलवूनही त्याची गती कासवाला लाजवणारी. टाकीत इतर मासे असतील तर खाण्याच्या शर्यतीत तो कायम मागे राहतो. फिल्टरचा प्रवाह जोराचा असेल तर फेकला जातो, आणि प्रवाह मंद ठेवला तर पाणी नीट साफ होत नाही.

दुकानात मिळणारे कोरडे दाणे तो सहसा तोंडात घेत नाही. त्याला हलणारे, जिवंत खाणे हवे असते. पकडून आणलेल्या समुद्रघोड्याला मेलेले, गोठवलेले खाणे खायला शिकवण्यातच कित्येक दिवस जातात, आणि त्या काळात तो खंगत जातो. म्हणजे घरात समुद्रघोडा ठेवायचा, तर त्याच्यासाठी बारीक कोळंबीची आणखी एक टाकी सांभाळायची आणि दिवसातून अनेकदा खायला घालायचे. सकाळी ७.१२ ची लोकल पकडून रात्री आठला परतणाऱ्या नोकरदार जोडप्याने हे कसे करायचे? शनिवार-रविवार गावी गेले तर टाकीत उपासमार ठरलेली.

टाकीचे मूत्रपिंड

सगळ्या माशांच्या शरीरात प्रथिने पचताना अमोनिया तयार होतो. आपल्या शरीरातही होतो, पण आपले यकृत त्याचे युरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंड तो बाहेर टाकते. मासे अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतात. समुद्र अथांग असल्याने तिथे काही बिघडत नाही. शंभर-दोनशे लिटरच्या पेटीत मात्र तोच अमोनिया साठत जातो आणि कल्ले जाळतो.

मत्स्यपालनात फिल्टरला इतके महत्त्व आहे ते यामुळे. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि वाळूत उपयुक्त जिवाणूंची वस्ती होते. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग तुलनेने कमी घातक नायट्रेट करतात. मी त्याला टाकीचे मूत्रपिंड म्हणतो. नव्या टाकीत हे मूत्रपिंड तयार व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आणली, पाणी भरले आणि संध्याकाळी मासे सोडले, तर आठवडाभरात ते मरतात. ‘मासे लाभले नाहीत’ असे आपण म्हणतो. खरे तर त्यांना अमोनियाची विषबाधा झालेली असते.

समुद्रघोड्याच्या बाबतीत हे गणित आणखी अवघड होते. त्याचे कल्ले इतर माशांसारखे पाकळ्यांचे नसून झुपक्यांसारखे असतात. शिवाय जिवंत खाणे वारंवार घालावे लागत असल्याने उरलेसुरले तळाशी कुजते आणि पाणी लवकर बिघडते.

आता आपल्या गावचा हिशेब घाला. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. शंभर लिटर पाण्यासाठी सुमारे साडेतीन किलो खास समुद्री मीठ लागते. स्वयंपाकाचे मीठ त्यासाठी चालत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आपल्याला जंतूंपासून वाचवते, पण ते कल्ल्यांना आणि त्या उपयुक्त जिवाणूंना मारक ठरते. ‘खाडी जवळच आहे, तिथलेच पाणी आणू’ असेही करता येत नाही. खाडीत सांडपाणी येते आणि पावसाळ्यात तिथल्या पाण्याचा खारटपणा एकदम खाली येतो. दोनशे लिटरची टाकी पाणी, काच आणि दगड धरून अडीचशे किलोच्या घरात जाते. जुन्या इमारतीत ती कुठे ठेवायची हाही प्रश्नच.

त्यात आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत ठाण्या-कल्याणात पारा चाळिशीकडे सरकतो. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो आणि रोगजंतू मात्र झपाट्याने वाढतात. म्हणून पाणी थंड ठेवणारे वेगळे यंत्र दिवसरात्र चालू लागते. वीज गेली की पंप, फिल्टर, थंडावा, सगळे एकदम बंद. डायलिसिसवरच्या रुग्णाचे यंत्र मध्येच बंद पडावे, तसे काहीसे.

बाबांचे बाळंतपण

समुद्रघोड्याबद्दल बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक असते : इथे बाळंतपण नराचे असते. हे कसे घडते ते मात्र फार थोड्यांना माहीत असते, आणि आम्हा डॉक्टरांना तर ते वाचताना हेवा वाटावा असे आहे.

नर आणि मादी आधी बराच वेळ एकमेकांभोवती फेर धरतात, रंग बदलतात, शेपट्या गुंफून पाण्यात उभे वर चढतात. मग मादी आपली अंडी नराच्या पोटावरच्या पिशवीत सोडते. फलन तिथेच होते. पुढे पिशवीच्या आतले अस्तर जाड होते, त्यात रक्तवाहिन्यांचे जाळे पसरते आणि प्रत्येक अंडे त्या मऊ अस्तरात रुतून बसते. पिशवीतून गर्भाला प्राणवायू मिळतो, चरबी आणि कॅल्शियम मिळते, त्यांची घाण बाहेर काढली जाते. आतल्या पाण्याचा खारटपणाही हळूहळू समुद्राच्या पातळीला आणला जातो, म्हणजे जन्मल्यावर पिल्लांना धक्का बसत नाही. आपली वार जी कामे करते, त्यातली बरीचशी इथे बापाची पिशवी करते.

गर्भ म्हणजे अर्धा परका जीव. आपले शरीर तो परका म्हणून हाकलून का देत नाही, हा स्त्रीरोगशास्त्रातला जुना प्रश्न. समुद्रघोडे आणि त्यांचे नातलग नळीमासे यांच्या जनुकांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. नराच्या गर्भारपणाबरोबर या माशांच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतले काही महत्त्वाचे दुवे उत्क्रांतीच्या ओघात बदलले किंवा गळून गेले, असे त्यात दिसले. बाळंतपणाची रीतही वेगळी आहे. आपल्याकडे कळा गर्भाशयाच्या अनैच्छिक स्नायूंमुळे येतात. समुद्रघोड्याचा नर मात्र पिशवीच्या तोंडाशी असलेल्या ऐच्छिक स्नायूंनी आणि शरीर पुढे-मागे वाकवून पिल्ले बाहेर टाकतो, असे २०२२ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिले.

गर्भारपण जातीनुसार आणि पाण्याच्या तापमानानुसार साधारण दोन ते चार आठवड्यांचे. एका वेळी काही डझनांपासून हजारापर्यंत पिल्ले जन्मतात. जन्मल्या क्षणापासून ती स्वतंत्र. बाप त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाही. आकार काही मिलिमीटरचा, पोटात कोठार नाही आणि भूक सततची. निसर्गात हजारातली पाचसुद्धा मोठी होत नाहीत. घरच्या टाकीत पिल्ले झाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो. तिसऱ्या दिवशी तळाशी पांढरा थर दिसू लागतो.

मोठ्या प्रयोगशाळांत हे साधते. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत पिवळ्या समुद्रघोड्याच्या पैदाशीवर आणि संगोपनावर संशोधन झाले आहे. पण तिथे खाद्याची वेगळी पैदास, पाण्याची रोजची तपासणी आणि पूर्णवेळ माणसे असतात. शिवाय अशा कामाला सरकारची परवानगी लागते.

कायदा काय म्हणतो

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ सालचा. २००१ साली केंद्र सरकारने सर्व समुद्रघोड्यांचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत केला. पकडणे, जवळ बाळगणे, विकणे, विकत घेणे, वाळवून शोभेसाठी ठेवणे, हे सगळे त्यात आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद, शिवाय किमान २५ हजार रुपये दंड आहे.

‘हा परदेशातून आणलेला आहे’, ‘हा पाळीव पैदाशीचा आहे’ असे विक्रेता सांगू शकतो. त्यावर विसंबू नका. आंतरराष्ट्रीय व्यापारही मोकळा नाही. धोक्यातल्या प्राण्यांच्या व्यापारावरच्या ‘साइटीस’ करारात समुद्रघोडे २००४ पासून नियंत्रित यादीत आहेत आणि कागदपत्रांशिवाय त्यांची ने-आण करता येत नाही. उद्या छापा पडला तर ‘मला माहीत नव्हते’ हा बचाव ठरत नाही.

अजाणतेपणी समुद्रघोडा हाती आला असेल तर? जवळच्या वन कार्यालयाला किंवा पोलीस ठाण्याला ४८ तासांच्या आत कळवावे, असे कायदा सांगतो. राज्याच्या वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. घाबरून जाऊन तो खाडीत किंवा तलावात सोडू नका. टाकीतला आजार बाहेर पसरू शकतो, आणि मासुंदा तलावासारख्या गोड्या पाण्यात तर तो काही तासही काढणार नाही.

मासेमारांवर सगळे खापर फोडणे मात्र बरोबर होणार नाही. समुद्राचा तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलरच्या जाळ्यात समुद्रघोडे नको असताना येतात आणि बाहेर काढेपर्यंत बहुतेक मेलेले असतात. २१ देशांच्या आकडेवारीवरून २०१७ साली केलेल्या एका अंदाजानुसार अशा रीतीने वर्षाला सुमारे ३ कोटी ७० लाख समुद्रघोडे जाळ्यात सापडतात. बंदी कागदावर कितीही कडक असली, तरी तळ खरवडणारे जाळे जात पाहून मासा निवडत नाही. घरी पाळण्यासाठी होणारी मागणी यापुढे लहान आहे. पण ती जिवंत प्राण्यांना किंमत आणते, आणि किंमत आली की मुद्दाम पकडणारे हात तयार होतात.

दम्याची पूड आणि ताकदीचे औषध

या व्यापाराचा सर्वांत मोठा भाग ‘औषधा’च्या नावाने चालतो, आणि डॉक्टर म्हणून मला सर्वांत जास्त सलते ते हेच. चिनी पारंपरिक वैद्यकात वाळवलेला समुद्रघोडा पौरुष वाढवण्यासाठी, दम्यासाठी, अशक्तपणासाठी वापरतात. एक किलो वाळवलेल्या मालात साधारण तीन-चारशे प्राणी असतात. १९९० च्या दशकात भारतही या मालाचा निर्यातदार होता. तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या काही गावांत लहान मुलांच्या डांग्या खोकल्यावर आणि दम्यावर समुद्रघोड्याची पूड देण्याची चाल संशोधकांनी नोंदवून ठेवली आहे.

या कुठल्याही वापराला माणसांवर नीट केलेल्या चाचण्यांचा आधार नाही. खरा धोका पुडीपेक्षा तिच्यामुळे होणाऱ्या उशिराचा असतो. डांग्या खोकल्यावर लस आहे. बाळाच्या सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला, पुढे दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांचे असताना ती सरकारी केंद्रात मोफत मिळते. दम्याच्या मुलाला श्वासातून घ्यायचे औषध नियमित दिले तर ते शाळेत धावू शकते, फुटबॉल खेळू शकते. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीने तो बंद करून कुठलीतरी पूड चाटवली, तर रात्री-अपरात्री मूल धापा टाकत आमच्याकडे येते. लैंगिक दुर्बलता ही तर अनेकदा मधुमेहाची किंवा हृदयविकाराची पहिली खूण असते. त्यासाठी साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासायचे असते.

समुद्रकिनारी शोभेच्या वस्तूंच्या टपरीवर वाळवलेला समुद्रघोडा की-चेनमध्ये अडकवलेला दिसला, तरी तो घेऊ नका. तोही त्याच कायद्यात येतो.

फिश टँक आणि बोटावरची गाठ

आता संसर्गाच्या प्रश्नाकडे. समुद्रघोडा घरात नसेल, पण फिश टँक असेल, तर हे वाचाच.

हाताच्या बोटावर किंवा मनगटावर एक लालसर-जांभळी गाठ येते. दुखत फारसे नाही. पुरळ समजून मलम लावले जाते. महिना जातो, गाठ फुटते, थोडा पू येतो, पण जखम भरत नाही. मग हाताच्या वरच्या बाजूला, कोपराकडे जाणाऱ्या रेषेत, एकामागून एक आणखी गाठी दिसू लागतात. अशा रुग्णाला विचारायचा एक प्रश्न औषधापेक्षा महत्त्वाचा ठरतो : ‘घरी मासे आहेत का? टाकी कोण धुते?’

या आजाराला बोलीभाषेत ‘फिश टँक ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. त्याचा जंतू मायकोबॅक्टेरियम मरिनम, म्हणजे क्षयरोगाच्या जंतूचा चुलतभाऊ. १९२६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो प्रथम सापडला. १९५१ साली स्वीडनमध्ये पोहण्याच्या तलावामुळे माणसांना झालेला आजार नोंदला गेला, आणि १९६२ साली घरच्या फिश टँकमुळे झालेला. गोड्या आणि खाऱ्या, दोन्ही पाण्यांत तो असतो. मत्स्यालयातल्या समुद्रघोड्यांना या कुळातल्या जंतूंचा आजार होतो, हे तर चांगलेच ज्ञात आहे.

हा जंतू ३० अंशांच्या आसपास चांगला वाढतो. शरीराच्या आतले ३७ अंश त्याला मानवत नाहीत, म्हणून तो हातापायांच्या गार त्वचेतच राहतो. धडधाकट कातडीतून तो आत शिरत नाही. कापलेले, खरचटलेले बोट त्याला लागते. लक्षणे दोन ते चार आठवड्यांनी, कधी त्याहूनही बऱ्याच उशिरा दिसतात. तोवर टाकी धुतल्याचे कुणाच्या लक्षातही राहत नाही.

निदानासाठी गाठीचा तुकडा काढून तपासावा लागतो. प्रयोगशाळेला आधी कल्पना द्यावी लागते, कारण हा जंतू नेहमीच्या तापमानाला वाढवला तर कदाचित उगवतच नाही. आपल्याकडे त्वचेच्या क्षयाशी त्याची गल्लत होऊ शकते. क्षयावरची आयसोनियाझिड आणि पायराझिनामाइड ही औषधे मात्र यावर सहसा लागू पडत नाहीत. योग्य प्रतिजैविके साधारण तीन-चार महिने घ्यावी लागतात आणि बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाला तर जंतू स्नायुबंध आणि सांध्यापर्यंत पोहोचतो आणि बोट आखडते. मधुमेह असलेल्यांनी, स्टिरॉइड किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी विशेष जपावे. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, हे घरच्यांना मुद्दाम सांगावे लागते.

मग पाळायचे काय, पाहायचे कुठे

मासे पाळण्याची हौस चांगली आहे. मुलांना रोज एका जिवाची जबाबदारी घ्यायला लागते, हे मोठे शिक्षण. त्यासाठी गोड्या पाण्याचे साधे, काटक मासे पुरे. जन्म पाहायचा असेल तर गप्पी पाळा. गप्पीची मादी अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. मुले टाकीसमोरून हलत नाहीत. डासांच्या अळ्या खातात म्हणून हेच गप्पी मासे हिवताप विभाग वर्षानुवर्षे साचलेल्या पाण्यात सोडत आला आहे. मात्र आपण होऊन ते तलावात, ओढ्यात सोडू नका. तिथल्या मूळच्या माशांना ते जड जातात.

आणखी एक सांगतो. मासे मेल्यावर रिकामी टाकी गॅलरीत टाकून देतात, आणि पावसाळ्यात तिच्यात स्वच्छ पाणी साचते. डेंग्यूच्या डासाला याहून चांगली जागा मिळणार नाही. टाकी वापरात नसेल तर कोरडी करून पालथी घाला.

समुद्राची ओढ असेल तर मुलांना घेऊन बाहेर पडा. ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली संरक्षित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे; खारफुटी आणि खाडीतले जीवन तिथे समजून घेता येते. रत्नागिरीत कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्राचे मत्स्यालय आणि संग्रहालय आहे. कोकणात गणपतीला जाताना तासभर वाट वाकडी करायला हरकत नाही.

हे लक्षात ठेवा

• समुद्रघोडा जिवंत, वाळवलेला किंवा पुडीच्या रूपात, कसाही विकत घेणे गुन्हा आहे. कुणी विकत असल्याचे दिसले तर १९२६ वर कळवा.

• टाकीत हात घालण्यापूर्वी हातावर जखम, चीर, भेग नाही ना पाहा. असेल तर लांब रबरी हातमोजे घाला किंवा दुसऱ्याला काम सांगा.

• काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा. टाकीचे पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, आणि नळी तोंडाने ओढून पाणी काढू नका.

• टाकीत हात घालण्याआधी हीटर आणि पंपाचे बटण बंद करा, प्लग काढा.

• हातावरची गाठ किंवा जखम तीन आठवड्यांत भरली नाही, तर स्टिरॉइडचे मलम स्वतःहून लावत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि त्यांनी विचारले नाही तरी ‘घरी फिश टँक आहे’ एवढे आवर्जून सांगा.